वीस पेट्या, वीस पालक: चिमण्यांच्या घरट्यांचा उपक्रम पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी आमच्या गटाने पुठ्ठ्याची पन्नास घरटी केली आणि २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाच्या कार्यक्रमात, ती वाटून टाकली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. जूनमध्ये मी त्यातल्या जमेल तितक्या घरी जाऊन आलो. बरीचशी घरटी कपाटावर नाहीतर माळ्यावर तशीच पडून होती. जी टांगली होती ती वळवाच्या पहिल्या सरीत भिजून खाली आली होती. एका घरच्या आजींनी सांगितलं, त्यांच्याकडच्या घरट्यात अंडी होती. सकाळी अंगणात लगदा आणि फुटकी कवचं सापडली.

त्या अंगणातच ठरवलं. पुढच्या वर्षी पेट्या वीसच, पण लाकडाच्या, आणि प्रत्येक पेटीला नावानिशी एक पालक. पेटी कोण बनवतो यापेक्षा पुढची तीन वर्षं तिच्याकडे कोण बघणार, हे आधी लिहून ठेवायचं. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, तरुण मंडळात किंवा शाळेच्या हरित सेनेत तुमच्याकडे असं काम पहिल्यांदाच आलं असेल, तर आम्ही चुकत चुकत बसवलेला क्रम तुमच्या उपयोगी पडेल.

सुरुवात नोव्हेंबरात

जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो. नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरेव्हर सोसायटी यांचा त्यात पुढाकार होता. त्या दिवसामुळे चिमणीकडे लोकांचं लक्ष गेलं हे खरं, पण पेट्या लावायला ती तारीख उशिराची आहे. मार्चपर्यंत जोड्यांनी जागा धरलेल्या असतात, काहींच्या चोचीत काड्याही दिसू लागतात. पेटी जानेवारीच्या अखेरीस भिंतीवर असायला हवी. म्हणजे बांधणी डिसेंबरात आणि पाहणी नोव्हेंबरात.

नोव्हेंबरात पाहणी करण्याचा आणखी एक फायदा आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने प्राचार्य, नगरसेवक, सोसायटीचे चेअरमन या सगळ्यांना भेटणं सोपं जातं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम दाखवावं लागतं. पाहणीच्या आणि नंतरच्या निरीक्षणाच्या तासांची नोंद पहिल्या दिवसापासून कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सहीने ठेवा. बांधणीचे तास सगळेच लिहितात, बघण्याचे तास कोणी लिहीत नाही, आणि मग एप्रिलमध्ये बघायला कोणी येत नाही.

चिमण्या कुठे आहेत ते आधी शोधा

गावात चिमणीच उरली नसेल तर पेटी लावून ती येत नाही. चिमणी आपल्या थव्याला धरून राहते, लांब जाऊन नवी वस्ती करत नाही. म्हणून ज्या गल्लीत चिमण्या रोज दिसतात त्याच गल्लीत पेट्या लावायच्या.

दोन-दोघांच्या जोड्या करा, प्रत्येकीला तीन-चार गल्ल्या द्या आणि सकाळी सात ते नऊ फिरायला पाठवा. किती चिमण्या दिसल्या एवढंच लिहून भागत नाही. त्या कुठे आत शिरतात ते बघायला सांगा: विजेच्या मीटरमागे, दुकानाच्या शटरवरच्या डब्यात, पत्र्याच्या शेडच्या कैचीत, जुन्या वाड्याच्या तुळईवर, तसबिरीमागे. नर ओळखायला सोपा, त्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो. एकाच जागी बसून तो सारखा चिवचिवत असेल तर जवळपास त्याने जागा धरली आहे असं समजा. संध्याकाळी बोरीच्या किंवा बोगनवेलीच्या जाळीत कलकलाट होतो, त्या झाडाचीही नोंद करा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. आमच्या पाहणीतली सगळ्यात उपयोगी माहिती तिथूनच आली. कौलं उतरवून स्लॅब टाकला तेव्हा चिमण्या गेल्या, हे आम्हाला तीन वेगवेगळ्या घरी ऐकायला मिळालं. कौलाखाली, मातीच्या भिंतीत फटी असायच्या. सिमेंटची गुळगुळीत भिंत आणि सरकत्या काचेची खिडकी यांत चिमणीला शिरायला जागाच नाही. पेटी ही तेवढी एक उणीव भरून काढते.

दुसरी उणीव खाण्याची. मोठी चिमणी दाणे टिपते, पण लहान पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. नुसत्या फरशीच्या आवारात किंवा सारखी औषधफवारणी होणाऱ्या हिरवळीजवळ पेटी लावली, तर अंडी होतील आणि पिल्लं उपाशी राहतील. मेंदी, अडुळसा, बोर, एखादा भाजीचा वाफा, थोडी मोकळी माती असं काहीतरी जवळ असलेली जागा निवडा. यादीत तीस जागा आल्या तर त्यातल्या वीस घ्या.

सव्वा इंचाचं भोक

सगळ्या मापांत एकच माप असं आहे ज्यात तडजोड नाही. दाराचं भोक ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. एवढ्यातून चिमणी शिरते, साळुंकी शिरत नाही. भोक दोन इंचांचं केलंत की पेटी साळुंकीची झाली. साळुंकी चिमणीला हुसकून लावते, अंडी फेकते. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या घरट्यांची भोकं बहुतेक वेळा मोठी असतात. ती कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका.

भोकाखाली बसायला दांडी लावू नका. मुलं हमखास लावायला जातात, कारण चित्रांत ती असते. चिमणीला तिची गरज नाही, आणि पिल्लं ओढून काढायला टपलेल्या कावळ्याला मात्र तिथे पाय रोवायला जागा मिळते. भोकाभोवती पत्र्याची कडी ठोकली तर खार दातांनी भोक मोठं करू शकत नाही. पत्र्याची धार कानशीने घासून घ्या.

वखारीत काय मागायचं

वखारीत सहा इंच रुंद आणि सहा सूत जाडीची फळी मागा. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, सुमारे १९ मिलिमीटर. एवढी जाडी उन्हाळ्यासाठी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पातळ फळीची किंवा पत्र्याची पेटी आतून भट्टीसारखी तापते. एका पेटीला पाच फूट फळी पुरते, म्हणजे वीस पेट्यांना शंभर फूट. कापताना वाया जाईल म्हणून दहा फूट वर घ्या. जुन्या दाराच्या, पलंगाच्या फळ्या मिळाल्या तर फारच चांगलं, फक्त जुना ऑइलपेंट रंध्याने उतरवून घ्या. साधं प्लायवूड टाळा, पहिल्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात.

कारखान्यांतली पॅलेट फुकट मिळतात म्हणून अनेक जण तिकडे वळतात. त्यांच्या पट्ट्या साधारण चार इंचीच असतात, दोन जोडल्या की मधे फट राहते. तरीही वापरणार असाल तर लाकडावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेलं असतं. ते घेऊ नका, कापूही नका.

एका पेटीचे तुकडे असे, सगळे १५ सेंटीमीटर रुंदीच्या फळीतून:

- मागची फळी: ३८ सेंटीमीटर
- पुढची फळी: २० सेंटीमीटर
- दोन बाजू: ४५ सेंटीमीटरच्या एका तुकड्यातून
- छप्पर: २३ सेंटीमीटर
- तळ: १५ बाय ११.२ सेंटीमीटर

दोन बाजू एका तिरक्या कापात निघतात. ४५ सेंटीमीटरच्या तुकड्याच्या एका कडेवर २० वर खूण करा, समोरच्या कडेवर त्याच टोकापासून २५ वर, आणि दोन्ही खुणा जोडून कापा. दोन सारख्या बाजू मिळतात, मागे २५ आणि पुढे २० उंचीच्या, म्हणजे छपराला आपोआप उतार येतो. हा काप मुलांना फार आवडतो. पहिला काप झाल्यावर दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून दाखवा.

बाजू पुढच्या आणि मागच्या फळीच्या मधे बसवायच्या, आणि तळ बाजूंच्या मधे. भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या वरच्या कडेपासून साडेचार सेंटीमीटर खाली घ्या. मग भोकाची खालची कड आणि तळ यांत १२ सेंटीमीटर अंतर राहतं. मांजराचा पंजा आत गेला तरी घरट्यापर्यंत पोचणं त्याला अवघड जातं. तळाला चार कोपऱ्यांत पाच मिलिमीटरची भोकं पाडा, पाणी निघून जायला. बाजूंना छपराच्या लगेच खाली दोन-दोन भोकं, हवेला. पुढच्या फळीच्या आतल्या अंगाला करवतीने आडव्या खाचा मारा, त्यात नखं रुतवून पिल्लं वर चढतात. आतून रंग, पॉलिश, काहीच नको. बाहेरून अळशीच्या तेलाचे दोन हात पुरतात.

छप्पर उघडता आलं पाहिजे, नाहीतर पेटी साफ कशी करणार? सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मागच्या सांध्यावर ठोका. तीच बिजागरी होते आणि सांध्यातून पाणीही आत जात नाही. पुढे एक कडी लावा, नाहीतर वारा किंवा माकड छप्पर उचलतं.

बांधणीचा दिवस

गावातल्या सुतारकाकांना बोलवा आणि त्यांची दिवसाची मजुरी द्या. ‘मुलांचं काम आहे, फुकट या’ असं म्हणू नका. ज्याचा रोज बुडतो त्याच्याकडून सेवा मागणं बरोबर नाही. मजुरी दिलेला माणूस घाईही करत नाही. आमच्या काकांनी पहिला अर्धा तास फक्त गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, कशी धरायची ते शिकवलं. त्या दिवशी एकही पेटी वाकडी झाली नाही.

आदल्या दिवशी एक पेटी स्वतः पूर्ण करून बघा. नमुना पेटी टेबलावर ठेवली की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. मग पाच गट करा: खुणा, करवत, भोकं, जुळणी, घासकाम. आणि दर दीड तासाने गट बदला. हे मी आग्रहाने सांगतो, कारण आपोआप काय घडतं ते मी पाहिलं आहे. ड्रिल दोन मुलांच्या हातात जातं आणि दिवसभर तिथेच राहतं. मुलींच्या वाट्याला पॉलिश पेपर आणि चहा. पहिल्या शिबिरात एका मुलीने संध्याकाळी मला विचारलं, “सर, मला करवत कधी मिळणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता अदलाबदलीचं वेळापत्रक मी फळ्यावर लिहितो आणि शिट्टी वाजवतो.

खिळ्यांऐवजी दीड इंची स्क्रू वापरा. आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू घातला तर फळी चिरत नाही. ३२ मिलिमीटरचा होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, हिसका देतो, म्हणून फळी शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) आवळल्याशिवाय तो चालवायचा नाही, आणि तो चालवताना सुतारकाका किंवा एखादं मोठं माणूस शेजारी उभं हवं. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस बांधून घ्या. डोळ्यांना गॉगल, पायात बूट. अठरा वर्षांखालच्यांच्या पालकांचं संमतिपत्र आधीच घ्या, प्रथमोपचार पेटी टेबलावर उघडी ठेवा. करवत नवख्या हातात असताना बोट कापणं ही अगदी शक्य असलेली गोष्ट आहे.

पंचवीस मुलं आणि वीस पेट्या असतील तर काम दोन दिवसांचं धरा. सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात ते सहज बसतं. पैशांबद्दल थोडंच सांगतो: एका पेटीचा खर्च काढा, वीस घरांना एकेक पेटी उचलायला सांगा, पावत्या द्या आणि हिशोब फळ्यावर लावा. जे घर पेटीचे पैसे देतं, ते पेटीकडे बघतंही.

भिंतीवर लावताना

मालकाची परवानगी लेखी घ्या, आणि वॉचमनदादांना, शिपाईमामांना स्वतः भेटून सांगा. परवानगी साहेब देतात, पण दिवाळीच्या साफसफाईत पेटी उतरवायची की नाही हे ठरवणारा माणूस वेगळा असतो.

उंची जमिनीपासून दहा ते बारा फूट. भोकाचं तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेकडून, दोन्हीकडे पाठ हवी. छज्जाखाली, पागोळ्यांच्या आत जागा मिळाली तर उत्तम. चिमण्यांना शेजार लागतो, म्हणून एकेका भिंतीवर दोन-दोन फुटांवर तीन-चार पेट्या लावा. वीस पेट्या वीस ठिकाणी विखरण्यापेक्षा पाच-सहा ठिकाणी एकत्र लावलेल्या बऱ्या.

जिना, गच्ची, खिडकीचा गज असं मांजराला उडी मारता येईल असं काही शेजारी नसावं. घराच्या आत, पंख्याच्या खोलीत पेटी लावू नका. पंख्यात सापडलेली चिमणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको. विजेचे खांब आणि तारा पूर्ण वर्ज्य. झाडाला खिळा ठोकू नका, शिवाय चिमणीला झाडापेक्षा भिंत जास्त मानवते. शिडी धरायला एक जण कायम खाली, आणि वर जाणारा माणूस प्रौढ.

पेटीत गवत, कापूस, दाणे असं काही भरू नका. सामान ती स्वतः आणते. दाण्याचं आणि पाण्याचं भांडं हवं असेल तर आवाराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पेटीजवळ गर्दी झाली की कावळे येतात.

प्रत्येक पेटीच्या खालच्या बाजूला रंगाने क्रमांक घाला आणि वहीत त्या क्रमांकासमोर पालकाचं नाव लिहा. पालक शक्यतो त्याच आवारात राहणारा हवा. आमच्या वीस पालकांत सात विद्यार्थी होते. बाकीच्यांत किराणा दुकानदार होते, पोस्टातल्या मॅडम होत्या, देवळातले गुरव होते. विद्यार्थी तीन वर्षांनी गाव सोडतात, दुकान तिथेच राहतं.

आणि मग बघत राहायचं

आठवड्यातून एकदा, वीस फुटांवरून, पंधरा मिनिटं. तीन खुणा शोधायच्या. चोचीत काड्या-पिसं दिसली म्हणजे घरटं चालू आहे. चोचीत अळी दिसली म्हणजे आत पिल्लं आहेत. पांढरी पिशवीसारखी विष्ठा चोचीत घेऊन चिमणी बाहेर पडली म्हणजे पिल्लं नीट खात आहेत. तारीख, वेळ, खूण, एवढंच वहीत. अंडी साधारण तीन ते पाच असतात, बारा-तेरा दिवस ती उबवली जातात आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लं उडतात. काड्या दिसल्याची तारीख लिहिलेली असली की पुढचं वेळापत्रक तुम्हीच मांडू शकता.

या काळात छप्पर उघडायचं नाही. फोटोसाठीही नाही, पाहुण्यांसाठीही नाही. उडायला आलेली पिल्लं दचकली तर वेळेआधीच बाहेर उड्या मारतात आणि मांजराच्या तोंडी जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत येतं, हेही गटाला सुरुवातीलाच सांगा.

पिल्लू खाली पडलं म्हणून फोन येतीलच. पिसं नसलेलं पिल्लू असेल तर अलगद उचलून पेटीत परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई सोडून देते हा समज चुकीचा आहे. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल तर त्याला नेऊ नका. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्रं दूर ठेवा, जवळच्या झुडपात ठेवलंत तरी पुरे.

पहिल्या वर्षी निम्म्या पेट्या रिकाम्या राहिल्या तर गटाला धीर द्या. काही पेट्या आठवड्यात भरतात, काहींना दुसरा उन्हाळा लागतो. दोन उन्हाळे रिकामी गेलेली पेटी मात्र हलवा. आमची सात नंबरची पेटी शाळेच्या मागच्या भिंतीवर दोन वर्षं तशीच होती. तीस फुटांवर, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली नेली आणि त्याच मार्चमध्ये नर तिच्यावर बसून ओरडायला लागला.

वर्षातून एकदा, डिसेंबरात, साफसफाई. चिमण्या आपल्याकडे जवळजवळ वर्षभर वीण घालतात, म्हणून आधी दोन आठवडे बघून पेटी खरंच रिकामी असल्याची खात्री करा. तोंडाला रुमाल, हातात मोजे. जुनं घरटं काढा, उकळतं पाणी ओता, दिवसभर उन्हात वाळवा, सैल झालेले स्क्रू आवळा, ट्यूबची पट्टी चिरली असेल तर बदला. गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तर हात घालू नका, रिकामं होईपर्यंत थांबा.

त्याच दिवशी वही पुढच्या वर्षीच्या प्रमुखाच्या हातात द्या आणि वीसही पालकांकडे त्याला सोबत घेऊन जा. आम्हाला या फेरीला एक पूर्ण रविवार लागतो. प्रत्येक घरी चहा घ्यावा लागतो, हे वेळापत्रकात धरा.